आउटेज

मागच्या महिन्यात चार दिवस अकोल्याला गेलो होतो. आमच्या शेजारी एक काकाजी राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची बरीचशी नोकरी कंट्रोल ऑफिसमधे गेली. संध्याकाळी ते फिरायला म्हणून निघतात आणि न चुकता स्टेशनच्या बाजूला पोचतात. मीही सोबत गेलो. एकामागून एक मालगाड्या चालल्या होत्या. इंजिनांच्या नाकावर शेडची नावं होती: भुसावळ, अजनी, विजयवाडा, कल्याण. काकाजी खूश झाले. म्हणाले, "आज आउटेज चांगला दिसून राह्यला."

मंडळी, आमच्या धंद्यात 'आउटेज' हा शब्द कानावर पडला की पोटात गोळा येतो. आउटेज म्हणजे सर्व्हर झोपला, फोन वाजायला लागले, साहेब ऑनलाइन आले आणि शनिवार-रविवार गेला. हा माणूस म्हणतो आउटेज *चांगला*?

"काकाजी, आउटेज चांगला कसा काय असेल?"

"अरे राजा, आउटेज म्हंजे इंजनं शेडच्या बाहेर हायेत. कामावर हायेत. तुमच्यात उलटं म्हंतेत का?"

हो, आमच्यात अगदी उलटं म्हणतात. :-)

त्या एका शब्दाने माझे पुढचे दोन वीकएंड खाल्ले. जे वाचलं आणि जे काकाजींकडून ऐकलं, ते इथे मांडतोय. विषय रुक्ष वाटेल: मालगाडीची इंजिनं कोणाला, किती आणि कधी मिळतात? पण या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या वऱ्हाडाचा दीडशे वर्षांचा इतिहास लपलेला आहे, असं मला आता वाटायला लागलंय.

आधी थोडी व्याख्या. रेल्वेकडे कागदावर जितकी इंजिनं असतात त्याला म्हणतात होल्डिंग. प्रत्येक इंजिन कुठल्या तरी शेडच्या नावावर असतं. ते देशभर फिरलं तरी तपासणीसाठी त्याने घरी यायचं. होल्डिंगमधून दुरुस्तीत असलेली, दुरुस्तीची वाट बघत असलेली आणि कारखान्यात गेलेली वजा करा. उरलेली इंजिनं दिवसभरात एकूण जितके तास वाहतुकीच्या कामाला मिळाली, त्या तासांना २४ ने भागा. हा झाला आउटेज. म्हणजे १०० इंजिनांचं शेड असेल आणि आउटेज ८० असेल, तर तुमच्याकडे खरी इंजिनं ८०च. बाकीची वीस ही नुसती कागदावरची श्रीमंती.

आणि ही ८० सुद्धा *कुठे* आहेत हा पुढचा प्रश्न. नागपूरला गाडी भरून उभी आहे आणि इंजिन भुसावळला मोकळं आहे, तर ते रिकामं पळवत न्यायचं का? तेवढे तास वाया. कंट्रोलमधली माणसं दिवसरात्र हेच कोडं सोडवत असतात. त्यांच्या भाषेत इंजिनाला 'पॉवर' म्हणतात. "पॉवर आली नाही" हे वाक्य काकाजींनी नोकरीत हजारो वेळा ऐकलंय. गाडी भरलेली, ड्रायव्हर-गार्ड हजर, सिग्नल मोकळा, पण पॉवर नाही. मग सगळं शून्य.

आता जरा मागे जाऊ.

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी, हे आपण शाळेत शिकलो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० च्या सुमारास जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला छोटे फाटे निघाले. खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तेरा-चौदा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! कापसाचं वजन यावरून समजा.

आता इंजिनाच्या बाजूने विचार करा. कापूस हे हंगामी पीक. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते आणि पावसाळ्याच्या आत माल मुंबईला पोचला पाहिजे. म्हणजे चार-पाच महिने इंजिनांवर प्रचंड ताण, आणि पावसाळ्यात त्यातली कित्येक नुसती उभी. ज्यांनी कधी ऑनलाइन सेलच्या दिवसासाठी सर्व्हर मोजलेत त्यांना हे दुखणं लगेच कळेल. हंगामाच्या हिशोबाने इंजिनं घ्यावीत तर वर्षातला निम्मा काळ पैसा गंजत पडणार. सरासरीच्या हिशोबाने घ्यावीत तर ऐन हंगामात गाठी स्टेशनवर पडून राहणार. आणि इंजिन काही 'क्लाउड'वरून मागवता येत नव्हतं. जीआयपीची पहिली इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून बोटीने आली. १८६९ साली सुएझ कालवा उघडेपर्यंत ही बोट आफ्रिकेला वळसा घालून यायची. इंजिनाचा एखादा मोठा भाग तुटला तर किती महिने बसायचं याचा अंदाज तुम्हीच करा.

यावर एक उपाय मात्र इथल्या इथे निघाला, तो म्हणजे प्रेसिंग. रुई दाबून घट्ट गाठी बांधल्या की एका वाघिणीत कितीतरी जास्त वजन बसतं. तेवढ्याच फेऱ्यांमधे जास्त माल. खामगाव, अमरावती, अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंग रेल्वेच्या आसऱ्याने वाढल्या त्यामागे हा हिशोबही होता. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी डेटा कॉम्प्रेस करा, मग पाठवा.

त्यात वाटेत थळ घाट. कसारा ते इगतपुरी चढ १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. कापूस हा घाट उतरायचा, पण रिकाम्या वाघिणी आणि परतीचा माल चढवायला मागून ढकलणारी इंजिनं लागायची. त्यांना म्हणतात बँकर. बँकर इंजिन घाटालाच बांधलेलं असतं. ते अकोल्यात गाठी ओढायला येऊ शकत नाही. १९२८ पासून या घाटांसाठी विजेवरची ४१ मालगाडी-इंजिनं आली. त्यांची ती विचित्र चाल बघून लोकांनी त्यांचं नाव 'खेकडा' ठेवलं होतं. खेकडा जबरदस्त ताकदीचा, पण इगतपुरीच्या पुढे तारच नव्हती. तार संपली की खेकड्याची सद्दी संपली. ताकद असणं वेगळं आणि ती *तुमच्या कामाला* असणं वेगळं.

हे सर्वात कडवटपणे कळलं ते पहिल्या महायुद्धात. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेसाठी भारतातून इंजिनं, वाघिणी, रूळ बोटींवर चढवून नेले गेले. इथल्या कारखान्यांना युद्धाचं काम लागलं आणि विलायतेतून नवीन इंजिनं यायची थांबली. जी इथे राहिली ती राब-राब राबली. युद्ध संपल्यावर, १९२०-२१ मधे, सर विल्यम अ‍ॅकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिच्या अहवालाचा सूर फार स्पष्ट होता: शेकडो इंजिनं आणि हजारो वाघिणी अशा आहेत की ज्या बदलण्याची वेळ केव्हाच उलटून गेली आहे. समितीत मुंबईचे कापूस-व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते. वाघीण आणि पॉवर न मिळणं म्हणजे काय, हे त्यांना अहवाल वाचून कळायची गरज नसावी. पुढे १९२४ साली रेल्वेचं अंदाजपत्रक सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळं झालं, आणि १९२५ साली जीआयपी कंपनीच्या हातून काढून सरकारने स्वतः चालवायला घेतली.

दुसऱ्या महायुद्धात तीच गोष्ट परत. मीटर गेजची इंजिनं मध्यपूर्वेत गेली, काही फाट्यांचे तर रूळच उखडून नेले. मग आसाम-ब्रह्मदेश आघाडी उघडली आणि उलट अमेरिकेहून इंजिनं इकडे आणायची वेळ आली! एकूण काय, इंजिन कुठे असावं हे ठरवणारा माणूस नेहमी दूर कुठेतरी बसलेला असतो. अकोल्याच्या गाठींचा नंबर त्याच्या यादीत कितवा आहे, हे गाठींच्या मालकाला कळत नाही.

आता वऱ्हाडाची एक खासियत. आपल्याकडे चाळीसेक किलोमीटरच्या आत तीन गेज नांदत होते. मुंबई-नागपूर मेन लाइन ब्रॉडगेज. अकोल्याला तिला छेदून जाणारी खांडवा-हिंगोली-पूर्णा ही मीटर गेज. आणि मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे यवतमाळ अशी नॅरोगेज, म्हणजे आपली शकुंतला.

इंजिनांची नावं यावरूनच पडतात. पहिलं अक्षर गेजचं: ब्रॉडगेजला डब्ल्यू, मीटर गेजला वाय, नॅरोगेजला झेड. शेवटचं 'जी' असेल तर ते मालगाडीचं. स्वातंत्र्यानंतर मेन लाइनवर 'डब्ल्यूजी' धावलं, मीटर गेजवर 'वायजी'. आज जे 'डब्ल्यूएजी-९' दिसतं त्यातला 'ए' म्हणजे एसी वीज. इतकं कळलं की प्लॅटफॉर्मवर उभं राहून भाव खायला हरकत नाही.

पण गंमत बाजूला ठेवा. तीन गेज म्हणजे तीन वेगळी तळी. एका तळ्यात पाणी ओसंडून वाहत असलं तरी दुसऱ्यात ओतता येत नाही. मूर्तिजापूर स्टेशनवर मेन लाइनची मोठी इंजिनं उभी असताना शेजारच्या शकुंतलेची गाडी इंजिनाअभावी थांबू शकते, आणि कोणीही काही करू शकत नाही. मीटर गेजवाल्यांचं दुखणं थोडं कमी झालं ते १९६० च्या सुमारास. खांडवा-हिंगोली जोडली गेली आणि राजस्थान-माळव्याचं मीटर गेज जाळं थेट हैदराबादकडच्या जाळ्याला मिळालं. अकोल्यावरून जाणारी ही लाइन प्रवाशांच्या आठवणीत मीनाक्षी एक्सप्रेससाठी आहे. पण रेल्वेच्या दृष्टीने तिचं एक मोठं काम होतं: दोन तळ्यांमधला पाट. इंजिनं, डबे आणि वाघिणी इकडच्या तिकडे नेता येऊ लागल्या.

शकुंतलेला असा पाट कधीच मिळाला नाही. ती एकटी.

शकुंतला बांधली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने. तिचा कारभार बघणारी किलिक निक्सन ही इंग्रजी पेढी. गाड्या चालवण्याचं काम जीआयपीकडे आणि पुढे मध्य रेल्वेकडे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव ही सगळी कापसाची गावं. रुळांमधलं अंतर अडीच फूट. देशातल्या बाकी रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, ही लाइन कागदावर कंपनीचीच राहिली. तो किस्सा सगळ्यांना माहीत आहे, दर दोन वर्षांनी पेपरात येतो. मला त्याहून मोठा वाटणारा किस्सा तिच्या इंजिनाचा आहे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं 'झेडडी' जातीचं वाफेचं इंजिन १९२३ मधे कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल येईपर्यंत चाललं. सत्तरहून जास्त वर्षं!

लोक याचं कौतुक करतात आणि ते बरोबरच आहे. पण वाफेचं इंजिन सांभाळणं म्हणजे काय ते बघा. थंड इंजिनाला वाफ धरायलाच काही तास लागतात. फेरी झाली की राख काढा, जाळी साफ करा, कोळसा भरा, पाणी भरा, तेल द्या. ठराविक दिवसांनी बॉयलर पूर्ण थंड करून धुवा. पाण्यातल्या क्षारांचे थर बसतात, ते काढले नाहीत तर नळ्या जातात. आपल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं पाणी ज्यांनी चाखलंय त्यांना यावर जास्त सांगायला नको. म्हणजे निरोगी वाफेच्या इंजिनाचाही दिवसातला मोठा वेळ शेडमधेच जातो. आणि जुनं झालं की सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, बनवून घ्यावे लागतात.

मोठ्या शेडमधे एक इंजिन बिघडलं तर शंभरातलं एक गेलं. तीन-चार इंजिनांच्या शेडमधे एक धुण्याला, एक दुरुस्तीला गेलं की हिशोबच संपला. हे साधं गणित आहे, यात कोणाचा आळस नाही की दुष्टपणा नाही. मोठं तळं धक्के पचवतं, छोटं पचवू शकत नाही. छोट्या लाइनला त्याच दर्जाची सेवा द्यायची तर तिला *प्रमाणापेक्षा जास्त* राखीव इंजिनं द्यावी लागतात. आणि वरून बघणाऱ्याला ती राखीव इंजिनं म्हणजे उधळपट्टी दिसते.

इथे आपण १९८० ला येऊ, कारण खरी कलाटणी तिथे आहे.

त्या काळी मालवाहतूक अशी चालायची: दर्यापूरसारख्या गावी दोन-चार वाघिणी भरायच्या, त्या जंक्शनला आणायच्या, भुसावळसारख्या मोठ्या यार्डात वेगवेगळ्या गावांच्या वाघिणी लावून गाडी बनवायची, पुढच्या यार्डात ती परत फोडायची. नॅरोगेजचा माल तर आधी मूर्तिजापूरला हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढवायचा. एकेक वाघीण दिवसचे दिवस यार्डात पडून राहायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी हे सगळं तुंबलं. वीजकेंद्रांना कोळसा मिळेना.

१९८० मधे एम. एस. गुजराल रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष झाले. त्यांनी जुन्या, रखडणाऱ्या वाघिणी बाजूला काढल्या आणि सांगितलं: गाडी एका ठिकाणी पूर्ण भरा, वाटेत कुठेही न फोडता थेट दुसऱ्या टोकाला न्या आणि तिथे पूर्ण रिकामी करा. १९८०-८१ मधे १९.५९ कोटी टन माल होता, १९८२-८३ मधे तो २२.९ कोटींच्या आसपास गेला. दोन वर्षांत!

खाली चार ओळी देतो. देशातली एकूण इंजिनं आणि वाहिलेला माल:

१९५०-५१ : ८,२०९ इंजिनं, ७.३२ कोटी टन
१९८०-८१ : १०,९०८ इंजिनं, १९.५९ कोटी टन
१९९०-९१ : ८,४१७ इंजिनं, ३१.८४ कोटी टन
२०००-०१ : ७,५६६ इंजिनं, ४७.३५ कोटी टन

भागाकार करून बघा. एका इंजिनामागे साधारण ९ हजार टन, मग १८ हजार, मग ३८ हजार, मग ६२ हजारांहून जास्त. (यात प्रवासी गाड्यांची इंजिनंही आहेत, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे. पण दिशा खरी आहे.) १९८०-८१ मधे यातली ७,४६९ इंजिनं वाफेची होती, २०००-०१ मधे उरली ५४. डिझेल आणि वीज आली, वाघिणी सुधारल्या, गाड्या लांब झाल्या आणि फोडाफोडी थांबली. इंजिनं कमी, काम अडीचपट. इंजिनिअर म्हणून मला ही यादी बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ब्रिटिश रेल्वेने हाच रस्ता आपल्या आधी धरला. १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुट्या वाघिणींच्या धंद्यावर बोट ठेवलं. १९६५ पासून तिथे कोळशाच्या गाड्या खाण ते वीजकेंद्र अशा गोल फिरायला लागल्या, इंजिन न सोडता, चालता-चालता रिकाम्या होत. १९७० च्या दशकात त्यांनी एका अमेरिकन रेल्वेकडून 'टॉप्स' ही संगणक-प्रणाली आणली आणि कुठलं इंजिन, कुठली वाघीण या क्षणी कुठे आहे ते पडद्यावर दिसू लागलं. नंतर त्यांनी इंजिनं कामाप्रमाणे गटांत वाटली: हा गट कोळशाचा, हा गट दगड-खडीचा. आपल्याकडे 'क्रिस' ही संस्था १९८६ साली मुख्यतः याच मालगाडी-संगणकीकरणासाठी निघाली. तिकीट-आरक्षणामुळे ती लोकांना माहीत झाली, पण तिची मूळ प्रेरणा मालगाडी होती. माझ्या व्यवसायबंधूंनो, अभिमान बाळगा.

मग तक्रार कुठे आहे?

त्या यादीत न दिसणाऱ्या जागी आहे. "एका ठिकाणी पूर्ण गाडी भरा" याचा अर्थ लावा. आज कोळशाची एक गाडी म्हणजे ५८-५९ वाघिणी, वजन साडेचार-पाच हजार टन. पारसच्या वीजकेंद्राला असा माल लागतो. खाणीकडून पूर्ण गाडी येते, पूर्ण रिकामी होते. तिच्यासाठी पॉवर हजर. २०२२ च्या उन्हाळ्यात तर कोळशाला वाट द्यायला देशभरात प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या होत्या. पण दर्यापूरच्या जिनिंगवाल्याने पूर्ण गाडी कशी भरायची? कारंज्याच्या व्यापाऱ्याने? त्यांचा माल दोन वाघिणींचा. त्या दोन वाघिणींसाठी इंजिनाचे पाच तास घालवणं हे नव्या हिशोबात पाप ठरलं. मग माल ट्रककडे गेला. माल गेला म्हणून लाइन तोट्यात, तोट्यात म्हणून इंजिनावर खर्च नाही, इंजिन नाही म्हणून गाडी बेभरवशाची, आणि गाडी बेभरवशाची म्हणून उरलेलेही ट्रककडे. २०२० पर्यंत शकुंतलेच्या दोन्ही फाट्यांवर गाडी उरली नव्हती. ज्या मालासाठी ही लाइन बांधली, तो माल अजूनही त्याच गावांत पिकतो.

माझे आजोबा (आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो) दर्यापूरला एका जिनिंगमधे मुनीम होते. ते सांगायचे, हंगामात रोज सकाळी ते स्टेशनवर माणूस पाठवायचे, आणि त्याला एकच प्रश्न विचारायला लावायचे: "इंजन आलं का?" वाघीण आली का नाही, गाडी किती वाजता नाही, इंजन आलं का. लहानपणी मला वाटायचं की हा म्हाताऱ्या माणसाचा चाळा आहे. आता कळतं, की ते पूर्ण व्यवस्थेची नाडी बघत होते. इंजिन आलं तर मुंबईचा भाव मिळणार. नाही आलं तर व्याज चढणार.

याला आता माझा एक कबुलीजबाब जोडतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत (नाव राहू द्या) सर्व्हरचा खर्च कमी करायच्या कामावर होतो. आलेखात एक छोटा गट दिसला. मशीन्स चार, वापर जेमतेम दहा टक्के. ग्राहक लहान, गावोगावचे. मी ते बंद करून सगळ्यांना मोठ्या गटात ढकलायचा प्रस्ताव दिला. मोठ्या गटाच्या अटी वेगळ्या होत्या, त्यातले निम्मे ग्राहक त्यात बसेनात. ते गेले. आमचा 'वापर' चांगला वीस टक्क्यांनी सुधारला, आणि मला त्या तिमाहीत शाबासकी मिळाली. गेलेले ग्राहक आलेखात दिसत नव्हते, कारण गेलेला ग्राहक मशीन वापरत नाही.

गुजराल चुकले असं मला अजिबात म्हणायचं नाही. ते नसते तर वीजकेंद्रं बंद पडली असती आणि अकोल्यातही अंधार झाला असता. माझं म्हणणं एवढंच आहे, की 'इंजिनामागे किती टन' हा आकडा सुधारायचे दोन मार्ग असतात. एक, इंजिन जास्त चालवा. दुसरा, ज्यांचा माल थोडा आहे त्यांना यादीतून काढा. आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात. आपण कुठला मार्ग किती वापरला हे वेगळं लिहून ठेवलं नाही, तर थोड्या वर्षांनी आपल्यालाच वाटायला लागतं की सगळी सुधारणा पहिल्याच मार्गाने झाली.

परत निघायच्या आदल्या संध्याकाळी मी हे काकाजींना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. एक कोळशाची गाडी गेली, अजनीचं इंजिन होतं. मग म्हणाले, "आम्ही रोज सकाळी आउटेज लिवत होतो. किती इंजनं बाहेर गेली थे. कोणाकडे नाही गेली, थे कधी कोनी इचारलंच नाही रे."

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी आमच्या त्या आलेखाशेजारी अजून एक रकाना टाकलाय: या महिन्यात कोण मागत होतं आणि त्याला मिळालं नाही. सध्या तो रिकामाच आहे, कारण ही माहिती आम्ही कधी साठवलीच नव्हती. पहिले आकडे यायला एक महिना लागेल.